कॉबलर इथल्या फळांचा आणि इथल्या हंगामाचा असावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे घरच्या ओव्हनमध्ये भाजायच्या गोड पदार्थांच्या पाककृती येऊ लागल्या आहेत आणि त्यांत अंजीर व बेरी यांच्या कॉबलरलाही (फळांवर मऊ पिठाचे गोळे सोडून भाजायच्या गोड पदार्थालाही) जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. केकच्या मानाने हा पदार्थ सोपा आहे, त्यात फळ भरपूर आणि पीठ कमी असते, आणि नवशिक्या हातालाही तो सहसा दगा देत नाही. तरीही ती पाककृती वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. तिच्यात गोठवलेल्या ब्लूबेरी आणि रास्पबेरी घ्यायला सांगितल्या होत्या, ‘सेल्फ रेझिंग’ (बेकिंग पावडर आधीच मिसळलेले) पीठ सुचवले होते, मापे अमेरिकी कपांत होती आणि तापमान फॅरनहाइटमध्ये दिले होते. गोव्यातल्या वाचकांसाठी छापलेल्या त्या मजकुरात इथले एकही फळ नव्हते, आणि इथल्या हवेचा किंवा हंगामाचा विचार तर कुठेच नव्हता. कॉबलर हा मुळात हाताशी असेल त्या फळावर उभा राहिलेला पदार्थ आहे. म्हणूनच तो इथल्या फळांसाठी नव्याने लिहिला जावा, अशी माझी विनंती आहे, आणि ते कसे करता येईल हे थोडे विस्ताराने मांडू इच्छिते.

अमेरिकेत जाऊन वसलेल्या इंग्रज कुटुंबांना मायदेशातले ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पिठाचा पदार्थ) आणि पुडिंग करण्यासाठी लागणारे सामान आणि भट्ट्या तिथे मिळेनात, तेव्हा त्यांनी खोलगट भांड्यात मिळेल ते फळ घातले, त्यावर मऊ पिठाचे लहान गोळे सोडले आणि ओतीव लोखंडाच्या जाड भांड्याच्या खाली व झाकणावर निखारे पसरून ते भाजले. दक्षिणेकडच्या राज्यांत पीच आणि ब्लॅकबेरीचे कॉबलर प्रसिद्ध झाले, ते तिथे ही फळे विपुल होती म्हणून. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोणी आणि साखर रेशनवर आली, त्या दिवसांत याच कुळातला, वर पिठाचा चुरा भुरभुरलेला क्रम्बल घरोघरी रुळला. म्हणजे हा टंचाईतून आणि सोयीतून आलेला पदार्थ आहे. परदेशातून गोठवून आणलेली, खिशाला न परवडणारी फळे घालून तो केला, तर त्याचा मूळ स्वभावच हरवतो.

खाली आणि वर निखारे ठेवून भाजण्याची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, तांदळाची कणी, गूळ आणि खोबरे घालून केलेला कोकणातला धोंडस आणि आपल्याकडची तवसळी पिढ्यान्‌पिढ्या अशाच भाजल्या जात आल्या आहेत. 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या बेबिंकाचा, म्हणजे गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाचा, एकेक थरही वरून उष्णता देऊनच भाजायचा असतो. ओव्हन घरात आला तो अलीकडे. उष्णता कुठून किती द्यायची ही समज इथल्या स्वयंपाकघरांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि कॉबलरला नेमकी हीच समज लागते.

आता फळांकडे वळते. अंजीर गोव्यात व्यापारी प्रमाणावर पिकत नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली ताजी अंजिरे हंगामात पणजी, म्हापसा, मडगाव आणि फोंड्याच्या बाजारांत येतात. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे दोन बहार धरतात. खट्टा बहार हिवाळ्यात हाती येतो आणि मीठा बहार उन्हाळ्यात, आणि मीठ्या बहाराचे फळ अधिक गोड मानले जाते. अंजीर झाडावरच पिकावे लागते. कच्चे काढलेले फळ नंतर मऊ पडते, पण त्याला गोडी येत नाही. आणि पिकून काढलेले फळ बाहेर जेमतेम एक-दोन दिवस टिकते. प्रवासात दबलेली, साल फाटलेली अंजिरे विक्रेते संध्याकाळी उतरत्या भावाने देतात. कापून ताटात मांडायला ती शोभत नाहीत, पण कॉबलरसाठी त्यांत काहीच उणे नसते, फक्त आंबूस वास आलेली किंवा बुरशी धरलेली बाजूला काढावीत. फळ नासू न देता त्याच दिवशी भाजून टाकण्याची ही सोय मला या पदार्थाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

अंजिराबाबत एक शंका शाकाहारी घरांत वारंवार विचारली जाते, म्हणून तिचाही उल्लेख करते. रुमडाच्या, म्हणजे उंबराच्या, फळात बारीक कीटक असतात हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते आणि अंजीर त्याच कुळातले असल्याने मन कचरते. परंतु पुण्याकडच्या बागांतले अंजीर परागीभवनाशिवायच धरते. त्याला कीटकाची गरज नसते. तेव्हा ते फळ नि:शंक मनाने वापरावे.

अंजिराची खरी अडचण चवीची आहे. त्यात गोडी पुष्कळ, पण आंबटपणा अगदी कमी. नुसती अंजिरे साखरेबरोबर भाजली की चव सपाट लागते, दोन घासांनंतर खावेसे वाटत नाही, आणि रसालाही चमक येत नाही. म्हणूनच पाश्चात्त्य पाककृतींत अंजिरांबरोबर रास्पबेरी किंवा ब्लॅकबेरी घालतात. रंग ही त्यातली दुय्यम गोष्ट झाली. आंबट, रसदार आणि थोडे तुरट असे काहीतरी अंजिराला जोडीला हवे असते, आणि ते गोव्याच्या डोंगरउतारांवर एप्रिल-मे महिन्यांत काटेरी झुडपांना लगडलेले असते.

करवंद हे वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनेही बेरी आहे, तर ज्या स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला जग बेरी म्हणते त्या शास्त्राच्या दृष्टीने बेरी नव्हेत. हे केवळ माहितीसाठी सांगितले; स्वयंपाकात महत्त्व आहे ते करवंदाच्या आम्लतेला आणि त्यातल्या पेक्टिनला. पेक्टिन हा फळातला असा घटक आहे, की साखर आणि आम्ल यांच्या सोबतीने तो रस धरून ठेवतो. मुरंबा-जेली घट्ट होतात त्या याच्याच बळावर. पूर्ण पिकलेल्या काळ्या करवंदांपेक्षा लालसर, अर्धवट पिकलेल्या करवंदांत पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही जास्त असतात. म्हणून चार वाटे काळी करवंदे घेतली तर एक वाटा लालसर असू द्यावीत. मीठ्या बहाराचे अंजीर आणि करवंद ही दोन फळे एकाच वेळी बाजारात असतात, आणि एकात जे नाही ते नेमके दुसऱ्यात असते. अंजीर-रास्पबेरीइतकीच, किंबहुना तिच्याहून सरस अशी ही जोडी आपल्या दाराशी असताना तिची पाककृती अजून कुठे छापलेली माझ्या पाहण्यात नाही.

करवंदांना चीक असतो आणि बिया असतात. हे काम वेळखाऊ आहे, हे आधीच सांगितलेले बरे. फळे दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावीत, बोटांना तेलाचा हात लावावा, प्रत्येक फळ उभे चिरून बिया सुरीच्या टोकाने काढाव्यात. पाव किलो करवंदांना एका माणसाला अर्धा तास सहज लागतो. घरात मुले असतील तर त्यांना सोबत घ्यावे, हातांवरचा जांभळा डाग दोन दिवसांत जातो.

साधारण सहा माणसांना पुरेल अशा कॉबलरसाठी दीड लिटरचे काचेचे किंवा चिनीमातीचे पसरट भांडे घ्यावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे घेऊ नये, कारण आंबट रस धातूवर परिणाम करतो आणि फळाचा रंगही बिघडतो. अर्धा किलो ताज्या अंजिरांचे देठ काढून प्रत्येकाचे चार तुकडे करावेत. त्यांत बिया काढलेली पाव किलो करवंदे, सुमारे 80 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळावे. साखरेऐवजी माडाचा गूळ घातला तर अंजिराला जो खमंग, गडद सूर मिळतो तो साखरेने येत नाही, दोदोल (माडाच्या गुळाची गोव्यातली मिठाई) आवडणाऱ्या घरांनी तो जरूर घालून पाहावा. कॉर्नफ्लोअर सुरुवातीलाच कोरडे असताना साखरेत कालवून मग फळांवर घालावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. हे मिश्रण 190 अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, कडेने रस उकळू लागेपर्यंत.

बहुतेक छापील कृतींत ही पायरी गाळलेली असते आणि तिथेच बिघडते. थंड फळांवर पीठ घातले, तर वरची बाजू तांबूस होऊन जाते तरी फळाला टेकलेली खालची बाजू कच्ची, चिकट राहते. फळ आधीच उकळत असेल तर पिठाच्या गोळ्याला खालून वाफ आणि वरून कोरडी उष्णता एकाच वेळी मिळते, आणि तो आतपर्यंत भाजला जातो.

फळे ओव्हनमध्ये असताना वरचे पीठ करावे. 150 ग्रॅम मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे साखर मिसळून चाळून घ्यावी. त्यात 60 ग्रॅम गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे, मुगाएवढे कण दिसू लागेपर्यंत. मग 100 मिलिलिटरच्या आसपास गार दूध किंवा ताक घालून चमच्यानेच ओलसर, खडबडीत गोळा करावा. पोळ्यांच्या कणकेसारखा तो मळायचा नाही. मळल्याने मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, ताणले जाते आणि वरचा थर चिवट होतो. लोण्याचे कण गार राहिले पाहिजेत, याचेही कारण आहे: लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, ओव्हनच्या उष्णतेने त्याची एकदम वाफ होते आणि त्या वाफेने पिठात लहान पोकळ्या पडून थर हलका होतो. लोणी आधीच वितळून पिठात मुरले, तर हे घडत नाही.

परदेशी पाककृती इथे जशीच्या तशी उतरत नाही, त्याचे मोठे कारण हेच. थंड देशात लोणी ओट्यावर ठेवले तरी घट्ट राहते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ते चोळता चोळता तेलासारखे होते. यावर सोपा उपाय असा, की लोण्याची वडी फ्रीझरमध्ये दगडासारखी घट्ट करावी आणि नारळ खवतो तशी थेट मैद्यावर जाड किसणीने किसावी. मैदा आणि वाडगाही तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. शिवाय आपल्या बाजारात सहज मिळणारे पिवळे लोणी खारवलेले असते, तेव्हा पिठात वेगळे मीठ घालू नये. घरचे ताजे पांढरे लोणी असेल तर चिमूटभर घालावे. ‘सेल्फ रेझिंग’ पीठ शोधत बसण्याचे कारण नाही: 125 ग्रॅम मैदा, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ मिळून तेच होते. अमेरिकी कपभर मैदा सुमारे 125 ग्रॅम भरतो, कपभर साखर 200 ग्रॅम, लोण्याची तिकडची एक कांडी 113 ग्रॅम आणि त्यांचे 375 अंश फॅरनहाइट म्हणजे आपले 190 अंश सेल्सिअस. एवढे रूपांतर पुरवणीने छापण्यापूर्वी करून दिले, तर कितीतरी घरांतले सामान वाया जाणार नाही.

उकळत्या फळांवर या पिठाचे मोठ्या चमच्याने आठ-नऊ गोळे अंतर राखून सोडावेत. सगळा पृष्ठभाग झाकू नये, वाफ बाहेर पडायला फटी हव्यात. भांड्याखाली एक ताट ठेवावे, कारण रस उतू जातोच. आणखी पंचवीस ते तीस मिनिटांत गोळे तांबूस होतात. पण नुसत्या रंगावर जाऊ नये, भांड्याच्या मधोमध रस जाडसर बुडबुडे देत उकळत आहे ना, ते पाहावे. कॉर्नफ्लोअर पूर्ण शिजायला जवळजवळ उकळीइतकी उष्णता लागते आणि कडेला उकळी आली म्हणून मध्यभागी ती आलेली असतेच असे नाही. बाहेर काढल्यावर काचेचे गरम भांडे ओल्या किंवा थंड ओट्यावर टेकवू नये, ते तडकते. वीस मिनिटे थांबून वाढावे, तोवर रस आपोआप घट्ट होतो. सोबत आइस्क्रीमची सक्ती नाही. नारळाचा पहिला घट्ट रस, किंचित मीठ घालून, अंजीर-करवंदांना फार सुरेख लागतो. दमट हवेमुळे दुसऱ्या दिवशी वरचा थर मऊ पडतो, तेव्हा उरलेला कॉबलर फ्रिजमध्ये ठेवून ओव्हनमध्येच पुन्हा तापवावा.

कच्च्या अंजिराच्या चिकात फायसिन नावाचा द्रव्यभाग असतो, तो प्रथिने तोडतो. त्यामुळे ताज्या अंजिराचे तुकडे दुधात किंवा न शिजवलेल्या कस्टर्डमध्ये बराच वेळ राहिले तर दूध फाटते व कडवट होते, आणि जिलेटिनची जेली घट्ट होत नाही. शिजवल्यावर हा गुण नाहीसा होतो. अंजिराचा ज्यांना पूर्वी असा अनुभव आला असेल, त्यांनी भाजलेल्या अंजिराला घाबरू नये.

करवंदांचा हंगाम नसेल तेव्हा काय करावे, हेही पुरवणीत यायला हवे. हिवाळ्यात खट्ट्या बहाराच्या अंजिरांबरोबर स्ट्रॉबेरी घ्यावी. महाबळेश्वरची तर येतेच, परंतु सांगे तालुक्यात नेत्रावळीजवळच्या वेर्ले गावातही स्ट्रॉबेरीची शेती होते आणि ती विकत घेणे हा इथल्या शेतकऱ्याला थेट हातभार आहे. स्ट्रॉबेरी फार पाणी सोडते आणि तिच्यात पेक्टिन कमी असते, म्हणून कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवावे आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. मेअखेर जांभळे येतात, तेव्हा ताजी अंजिरे संपत आलेली असतात. त्या वेळी सुकी अंजिरे कोमट पाण्यात दोन तास भिजवून, चिरून, जांभळाच्या गराबरोबर घालावीत. ताज्या अंजिरात शंभर ग्रॅमला सुमारे 16 ग्रॅम साखर असते, तर सुक्यात 48 ग्रॅमच्या घरात. म्हणून अशा कॉबलरला वरून साखर जवळजवळ लागतच नाही. जांभळाचा तुरटपणा चिमूटभर मिठाने आवरतो. जांभूळ वापरताना पिठात खाण्याचा सोडा जास्त होऊ देऊ नये. जांभळाचा आणि करवंदाचा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती आम्लात लाल-जांभळी राहतात आणि सोड्याच्या संपर्कात निळसर-हिरवी होतात. वरचे पीठ फळाला टेकते तिथे हिरवट दिसू लागले, तर पदार्थ नासलेला नसतो, सोडा जास्त झालेला असतो. मानकुराद आंबा आणि अननस यांचे कॉबलरही उत्तम होतात, पण त्यांविषयी लिहायला दुसरे पुष्कळ जण आहेत.

साखरेविषयी मात्र थोडे थांबून लिहिणे मला भाग आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त, 26.4 टक्के, आढळले. अशा राज्यात गोड पदार्थाची पाककृती छापताना साखरेचा विचार न करणे योग्य नाही. केकमध्ये साखर कमी करता येते ती एका मर्यादेपर्यंतच, कारण केकचा हलकेपणा आणि ओलावा बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असतो. कॉबलरच्या फळात घातलेल्या साखरेवर असा फारसा भार नसतो. ती मुख्यतः चवीसाठी असते, म्हणून फळ चाखून ती निम्म्यावर आणली तरी पदार्थ बिघडत नाही, रस थोडा पातळ राहतो इतकेच. याचा अर्थ कॉबलर मधुमेहींसाठी निर्धोक आहे असा मुळीच नव्हे. अर्धा किलो अंजिरांत त्यांची स्वतःचीच सुमारे 80 ग्रॅम साखर असते आणि वर मैदा आहेच. मैद्याचा चौथा हिस्सा नाचण्याचे पीठ घेतले तर चव खमंग होते आणि थरही बिघडत नाही, कारण या पिठाला पावासारखी ताण धरण्याची गरज नसते; परंतु तेवढ्याने पदार्थ पथ्याचा होत नाही. किती खावे हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पुरवणीने निदान किती माणसांसाठी किती साखर, हे प्रत्येक पाककृतीबरोबर स्पष्ट छापावे.

ओव्हन नसलेल्या घरांनी पान उलटावे, असे होऊ नये. अमेरिकेच्या ईशान्य भागात कॉबलरचाच स्लम्प नावाचा एक भाऊबंद चुलीवर करतात: जाड बुडाच्या पातेल्यात फळ उकळायचे, त्यावर पिठाचे गोळे सोडायचे, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-अठरा मिनिटे अजिबात न उघडता शिजवायचे. वरची बाजू तांबूस होत नाही, पण गोळे पावासारखे मऊ फुलतात. तांबूस रंग हवा असेल तर तवसळीची रीत आहेच, झाकणावर निखारे ठेवावेत. आमच्या वाड्यावर पूर्वी नाताळात केकची ताटे पदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीत भाजून घेण्याची पद्धत होती. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टीत बराच वेळ टिकणारी धग कॉबलरला अगदी योग्य असते. ज्या गावांत अजून लाकडाची भट्टी आहे, तिथे पदेराला विचारून पाहायला हरकत नाही.

या सगळ्यामागे माझ्या मनात आणखी एक विचार आहे. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या बायका पहाटे उठून काटे सोसत करवंदे, चुन्ना नावाची रानफळे, जांभळे तोडून आणतात आणि पणजी-म्हापशाच्या बाजारात पानांच्या द्रोणांतून विकतात. दुपारपर्यंत न खपलेला माल बहुधा फुकट जातो, कारण आपण ही फळे तोंडात टाकायची म्हणूनच घेतो, स्वयंपाकासाठी किलोने घेत नाही. चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीत रानातले प्रत्येक फळ आपण आदराने बांधतो, पण वर्षभरात त्यांतल्या खाण्याजोग्या फळांचा स्वयंपाकघराशी संबंध उरत नाही. (माटोळीतली सगळीच फळे खाण्याची नसतात, काही विषारीही असतात, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवते.) करवंदांच्या जाळ्या ज्या सड्यांवर आणि डोंगरउतारांवर वाढतात, त्यांना आपण पडीक म्हणतो आणि बांधकामासाठी ते सपाट होताना कुणाला फारसे वाईट वाटत नाही. अर्धा किलो करवंदांना घराघरातून मागणी आली, तर त्या जाळीचीही काही किंमत आहे हे निदान बाजारात तरी दिसेल. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किनारपट्टीच्या फळपिकांवर काम चालते आणि पणजीत भरणाऱ्या कोकण फळ महोत्सवात इथली फळे लोकांसमोर येतात; अशा ठिकाणची माहिती आणि घरगुती पाककृती यांची सांगड आपली पुरवणी सहज घालू शकेल.

तेव्हा माझे मागणे असे आहे. भाजलेल्या फळांच्या पदार्थांचे सदर हंगामाप्रमाणे आखावे: जानेवारीत स्ट्रॉबेरी आणि अंजीर, एप्रिलमध्ये करवंदे आणि अंजीर, मेअखेर जांभळे आणि सुकी अंजिरे. मापे ग्रॅममध्ये व तापमान सेल्सिअसमध्ये द्यावे, ओव्हन नसलेल्यांसाठी पर्याय द्यावा आणि प्रत्येक पायरीमागचे कारण एका वाक्यात तरी सांगावे, कारण कारण कळले की वाचक आपल्या घरच्या फळाप्रमाणे स्वतः फेरफार करू शकतो. रानफळांच्या घरगुती पाककृती अंतर्भागातल्या वाचकांकडून मागवाव्यात, ज्यांच्याकडे त्या तोंडी आहेत. करवंदांवर पहिला पाऊस पडला की ती फुटून आंबू लागतात, त्यामुळे मेच्या शेवटी छापलेली पाककृती पुढच्या वर्षापर्यंत निरुपयोगी ठरेल. अंजीर-करवंदांचा कॉबलर एप्रिलच्या पहिल्या रविवारी यावा, अशी नम्र विनंती आहे. वर दिलेली मापे आपण निःसंकोच वापरावीत.

आपली नम्र,
एक वाचक गृहिणी
फोंडा, गोवा